महाभूतांचा डाव

गेल्या मार्गशीर्षांत आम्हांस चार दिवस नाशिकास जाऊन राहण्याचा योग आला. योग म्हणण्याची रीत आहे म्हणून म्हटलें; एरव्हीं कारण अगदीं व्यवहाराचें होतें. जुन्या नाशिकांत, गोदावरीपासून हांकेच्या अंतरावर, आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. त्याची मागील भिंत दोन पावसाळ्यांत पोट काढून उभी राहिली आहे, माळवदाचे वासे वाळवीनें पोखरले आहेत, आणि वाडा पाडून तेथें सदनिका बांधूं म्हणणारा एक गृहस्थ दारीं येऊन गेला आहे. वाडा डागडुजी करून ठेवावा कीं देऊन टाकावा, ह्याचा विचार करण्यासाठीं आम्ही तिघे भाऊ मुलांबाळांसह जमलों होतों. ह्या वाड्यांत राहतें माणूस एकच होतें, आणि तें म्हणजे आमची आत्या. तिचें वय ८४ वर्षांचें असून गेलीं ४० वर्षें देवघरांतला दिवा तिच्याच हातून लागत आला आहे.

पहिल्या रात्रीं आत्या अर्ध्या जेवणांतून उठली. तिनें प्रकृतीचें निमित्त सांगितलें. परंतु आमच्या धाकट्या भावाची मुलगी एकाएकीं गप्प झालेली पाहून आम्हीं तिला ओसरीवर एकीकडे घेतलें, तेव्हां उलगडा झाला. ही आमची पुतणी पुण्यास संगणकाच्या कचेरींत काम करते. मुलगी हुषार आहे. पण अलीकडे तिला टॅरो नांवाच्या विलायती पत्त्यांचा नाद लागला आहे. दुपारीं आम्ही भाऊ माडीवर नकाशे आणि आंकडे मांडून बसलों असतां खालीं आत्यानें तिच्याकडून एक पान काढविलें होतें. प्रश्न असा होता, “हा वाडा मला पुरेल का?” पान निघालें त्यावर एक नावाडी नाव हांकीत होता, नावेंत डोक्यावरून वस्त्र घेतलेली एक स्त्री व एक मूल पाठमोरीं बसलीं होतीं, आणि त्यांच्यापुढें सहा तरवारी रोवलेल्या होत्या. मुलीनें शिकलेला अर्थ सांगितला: जुनें ठिकाण सोडून पाण्यापलीकडे प्रयाण. पाण्यापलीकडे म्हणजे कोठें, हें ८४ वर्षांच्या माणसास कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

आम्ही रागावलोंच. तेव्हां डोळे पुसत ती म्हणाली, “काका, आत्याआजीला दुखवायचें माझ्या मनांतही नव्हतें. पण तुम्ही हंसतां तसा हा नुसता खुळेपणा नाहीं. पानें विलायतीं असतील, पण त्यांतलीं तत्त्वें तर आपलींच आहेत ना? पृथ्वी, आप, तेज, वायु!”

ह्या प्रश्नास रागावून उत्तर देतां येण्यासारखें नव्हतें. आम्हीं तिला म्हटलें, “उद्यां तुझीं तीं पानें बरोबर घे. ह्या क्षेत्रांत चारी महाभूतें सांपडतात. तीं पानांशीं कितपत जुळतात तें पाहूं.”

ज्या वाचकांस ह्या पत्त्यांचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. टॅरोच्या जोडांत ७८ पानें असतात. त्यांपैकीं २२ स्वतंत्र चित्रांचीं. बाकीचीं ५६ पानें चार रंगांचीं, दर रंगास एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आणि राजा, राणी, स्वार व हुजऱ्या मिळून चौदा. आपल्या नेहमींच्या पत्त्यांत इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असतात; येथें दंड, चषक, खड्ग आणि मुद्रा आहेत. भविष्य पाहणारे दंडास अग्नि, चषकास जल, खड्गास वायु व मुद्रेस पृथ्वी हें तत्त्व देतात. दंडाचें पान निघालें तर उत्साह व कर्तृत्व, चषकाचें निघालें तर प्रेम व भावना, खड्गाचें निघालें तर बुद्धि व कलह, आणि मुद्रेचें निघालें तर पैसा, घर व शरीर, अशी ही वांटणी आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रथम तांबट आळीकडे वळलों. नाशिकचीं तांब्यापितळेचीं भांडीं एके काळीं घरोघर जात. स्टेनलेस स्टीलनें तो धंदा पुष्कळ बसविला, आणि पूर्वीं दोन गल्ल्या अलीकडे ऐकूं येणारा हातोड्यांचा नाद आतां जवळ जाऊन ऐकावा लागतो. तरी एका दुकानीं मठारकाम चाललेलें दिसलें. तांबें ठोकून कठीण झालें कीं कारागीर तें पुन्हा भट्टींत धरी. लाल होऊन नरम पडलें कीं पुन्हा ठोके. अग्नि म्हणजे काय हें येथें कोणाला विचारावें लागत नाहीं. पुतणीनें दंडाचा एक्का काढून दाखविला: एका हातांत धरलेली, पालवी फुटलेली काठी. “काठी आणि अग्नि!” ती म्हणाली. ह्यांत नवल वाटण्याचें कारण नव्हतें. आपल्याकडे लाकडावर लाकूड घुसळून अरणींतून यज्ञाचा अग्नि काढीत, आणि समिधा म्हणजे काठीच. पहिली जुळणी छान बसली, हें आम्हीं मोकळेपणानें कबूल केलें.

तेथून रामकुंडावर गेलों. आत्याही बरोबर होती. पायरीवर बसून तिनें ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलें. समुद्रमंथनांतून निघालेल्या अमृतकुंभांतले थेंब जेथें सांडले, अशीं चार स्थानें मानतात: हरिद्वार, प्रयाग, उज्जयिनी आणि नाशिक-त्र्यंबक. गुरु सिंह राशीस आला म्हणजे दर बारा वर्षांच्या सुमारास येथें सिंहस्थ भरतो. २०१५ सालच्या पर्वांतली दाटी आत्यानें वाड्याच्या खिडकींतून पाहिली होती. कुंभ म्हणजे पाण्याचें पात्र, पानांतला चषक म्हणजेही पाण्याचें पात्र. तेव्हां ही दुसरी जुळणी तर आपोआप बसावी. परंतु येथेंच पहिली अडचण आली. ज्योतिषांत कुंभ ही रास जलतत्त्वाची नव्हे, वायुतत्त्वाची. आणि ज्या सिंहेंत गुरु आल्यावर लाखों लोक पाण्यांत उतरतात ती रास अग्नितत्त्वाची! एकाच घड्यास कोणीं पाणी म्हटलें, कोणीं वारा म्हटलें. दोहोंसही आपापल्या शास्त्रांत आधार आहे. घड्यास मात्र त्याचें कांहीं नाहीं.

आत्यास घरीं पोंचवून दुपारीं आम्ही दोघें पांडवलेण्यांकडे गेलों. शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा रस्त्याच्या बाजूस जो त्रिरश्मि डोंगर आहे, त्याच्या कुशींत हीं २४ लेणीं कोरलेलीं आहेत. पांडवांचा आणि त्यांचा संबंध नांवापुरताच. तीं बौद्ध भिक्षूंचीं निवासस्थानें. दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्याचे लेख आहेत. त्यांतील एका लेखाचा हिशेब आम्ही पुतणीस वाचून दाखविला. लेण्यांत वर्षावासास राहणाऱ्या भिक्षूंसाठीं उषवदातानें ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींत ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, व्याज दरमहा शेंकडा एक. दुसरीकडे १०००, व्याज दरमहा शेंकडा पाऊण. मुद्दल मोडावयाचें नाहीं. पहिल्या रकमेचें वर्षाचें व्याज २४० होतें, आणि वीस भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे ठरले होते. म्हणजे हिशेब नाण्याला नाणें जुळतो. आजच्या गणितज्ञ मुलीनेंही तो बोटांवर मोजून पाहिला व ती हंसली. मुद्रा हें पृथ्वीतत्त्व कां, ह्याचें उत्तर तिला दगडांतच मिळालें. जें टिकून राहतें आणि ज्यावर दुसरें उभें राहतें, तें पृथ्वीच.

ह्याच ठिकाणीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी निघाली. आपले उपनिषत्कार आकाशापासून आरंभ करून वायु, अग्नि, आप, पृथ्वी अशीं पांच भूतें सांगतात. ह्या लेण्यांत राहणाऱ्या बौद्धांचीं महाभूतें मात्र चार. आकाशास ते त्या पंक्तींत बसवीत नाहींत. चार्वाकही चारच मानतात. ग्रीसमध्यें इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत एम्पेडोक्लीझनें चार मूळ द्रव्यें सांगितलीं, आणि पुढें ॲरिस्टॉटलनें आकाशस्थ गोलांसाठीं एक पांचवें द्रव्य मानलें. म्हणजे चार कीं पांच हा वाद पूर्व आणि पश्चिम असा नाहींच. तो दोन्हीं घरांत आहे. पुतणी लेण्याच्या मध्यभागीं उभी राहून वर पाहत म्हणाली, “मग हें काय? भोंवतीं सगळा दगड, आणि मधली ही पोकळी?” खरें आहे. दगड काढून टाकला तेव्हां लेणें झालें. पांचवें भूत येथें कोरून ठेवलें आहे; पण पत्त्यांच्या चार रंगांत त्याला घर नाहीं.

उतरतीच्या उन्हांत त्र्यंबक रस्त्यानें अंजनेरीस गेलों. अंजनीमातेचा आणि वायुपुत्र हनुमंताचा हा डोंगर, अशी येथील श्रद्धा. थोडें वर चढतांच वाऱ्यानें पुतणीच्या हातांतलें खड्गाचें पान उडविलें. तें करवंदीच्या जाळींतून काढतां काढतां दोघांचेही हात ओरखडले. वायूनें आपलें पान ओळखलें, असा विनोद तिनें केला. तो विनोद बरा होता. परंतु टॅरो जाणणाऱ्यांतही सर्वांचें ह्या पानाविषयीं एकमत नाहीं. कांहीं जण खड्ग आगींत घडतें म्हणून त्यास अग्नि म्हणतात, आणि दंड वृक्षाचा, वृक्ष वाऱ्यांत डोलतो, म्हणून दंडास वायु म्हणतात. हें तिलाही ठाऊक होतें. “मग खरें कोणतें?” आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “जें मीं शिकलें तें.”

अंजनेरीच्या पायथ्याशींच भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. १९८० सालीं निघालेल्या ह्या संस्थेंत नाण्यांचा अभ्यास चालतो. तिच्या आवाराजवळ बसून आम्हीं पुतणीस जोगलटेंभीच्या ठेव्याची हकीकत सांगितली. १९०६ सालीं ह्याच नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा सांपडला. नाणीं सारीं नहपानाचीं. परंतु त्यांतल्या सुमारें दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपलीं चिन्हें पुन्हा ठोकलेलीं होतीं. नहपानाचा पराभव झाला. नवा राजा आला. त्यानें चांदी वितळविण्याचा खटाटोप केला नाहीं, जुन्या नाण्यावरच आपला ठसा मारला. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुना चेहरा डोकावतो.

आम्हीं म्हटलें, “तुझ्या पानांचेंही असेंच झालें आहे.”

तो इतिहास थोडक्यांत असा. इजिप्तवर मामलूक सुलतानांचें राज्य असतां तेथें जे पत्ते खेळत, त्यांचा एक जोड इस्तंबूलच्या टोपकापी संग्रहालयांत आहे. त्याचे रंग चषक, मुद्रा, खड्ग आणि चौगानाची काठी. हे पत्ते युरोपांत पोंचले. चौगानचा खेळ तिकडे माहीत नव्हता, म्हणून ती काठी साधा दंड झाली. पंधराव्या शतकांत उत्तर इटलींत त्यांत २२ चित्रपानें मिळविलीं, आणि टॅरोचा जोड तयार झाला. तयार झाला तो खेळासाठीं! हुकूम मारून हात जिंकावयाचे, गुण मोजावयाचे, इतकेंच. पुढें १७८१ सालीं पॅरिसच्या कूर द जेबलॅं ह्या विद्वानानें हीं पानें म्हणजे प्राचीन मिसर देशाचें गुप्त ज्ञान, असें छापून टाकलें. त्या वेळीं मिसरी चित्रलिपि कोणासच वाचतां येत नव्हती. शांपोल्यॉंनें ती उलगडली १८२२ सालीं. परंतु तोंपर्यंत कल्पना रुजली होती. एत्तेला ह्या टोपण नांवाच्या गृहस्थानें भविष्यासाठीं म्हणून स्वतंत्र पानें काढलीं, एकोणिसाव्या शतकांत एलिफास लेव्हीनें त्यांस मंत्रतंत्राची बैठक दिली, आणि १८८८ सालीं लंडनांत स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ मंडळानें दंड-अग्नि, चषक-जल हा कोठा पक्का केला. १९०९ सालीं वेट ह्यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ ह्या चित्रकर्तीनें काढलेलीं चित्रें आज जगभर चालतात. आत्यासाठीं निघालेली ती नावही त्यांतलीच. चांदी जुनी, ठसा नवा.

पुतणी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “ठसा नवा असला म्हणून नाणें खोटें ठरतें का काका?” प्रश्न मार्मिक होता. आम्हीं सांगितलें, “नाणें खोटें नाहीं. पण ठसा माणसानें मारलेला आहे, इतकें विसरूं नये.”

रात्रीं जेवणें झाल्यावर पुतणीनें दिवसभराचा वृत्तान्त आत्यास सांगितला. आत्यानें तो शांतपणें ऐकून घेतला, उठून फडताळांतून एक लाखकामाची पेटी आणली, आणि चटईवर गोल गोल पानें ओतलीं. ती गंजिफा होती. आमच्या पणजीचें माहेर सावंतवाडीचें. तिच्याबरोबर ती ह्या घरांत आली, हें आम्ही विसरून गेलों होतों. गंजिफा इराणाकडून आली. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शहा हसनास गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तांत आहे. मोगली जोडांत आठ रंग, ९६ पानें: ताज, शमशेर, गुलाम, सोन्याची मोहोर, रुप्याची मोहोर इत्यादि. आपल्या लोकांनीं त्याच खेळावर आपला ठसा मारला, आणि दशावतारी गंजिफा झाली: दहा अवतारांचे दहा रंग, दर रंगास राजा, प्रधान व दहा पानें, एकूण १२०. मत्स्याचीं मासळ्यांचीं, कूर्माचीं कासवांचीं, वामनाचीं कमंडलूंचीं, परशुरामाचीं परशूंचीं, कल्कीचीं खड्गांचीं. सावंतवाडीस ही कला लोपत चालली असतां १९७० नंतर तेथील राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनीं तिला पुन्हा जीव दिला.

खेळावयास तिघें लागतात, आणि आम्ही तिघें होतों. दोन पानें हरवलेलीं. त्यांच्या जागीं आत्यानें केव्हां तरी पुठ्ठ्याचीं कापून ठेवलीं होतीं. तिनें नियम सांगितले. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातीं त्यानें उतरावयाचें, रात्रीं कृष्णाचा राजा ज्याच्या हातीं त्यानें. पांच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान. उरलेल्या पांचांत सारें उलट. हें ऐकतांच पुतणी दचकली. टॅरोच्या जुन्या खेळांतही हाच नियम होता: खड्ग व दंड ह्यांत मोठा आंकडा मोठा, चषक व मुद्रा ह्यांत उलट. इटलींतलीं आणि सावंतवाडींतलीं पानें कोण्या एका जुन्या घराचीं भावंडें आहेत, ह्याची ही मोठी खूण. तत्त्वें मागाहून चिकटलीं; हा नियम मात्र रक्तांतला.

डाव रंगांत आला असतां आम्हीं आत्यास हळूच विचारलें, “आत्या, तूं काल पानांना कशाला विचारलेंस?”

हातांतलीं पानें नीट लावीत, मान वर न करतां ती म्हणाली, “तुम्हीं तिघांपैकीं कोणीं मला विचारलें नाहींत, म्हणून.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दोन दिवस माडीवर नकाशे, आंकडे, चौरस फूट ह्यांची चर्चा झाली होती. तिघांपैकीं प्रत्येकानें ‘आत्यास वाडा सोडवणार नाहीं’ हें गृहीत धरून आपापली बाजू मांडली होती. जिच्या नांवानें इतका वाद घातला, तिला जिना उतरून एक प्रश्न विचारावा, हें कोणाच्याही मनांत आलें नव्हतें. चारी महाभूतें ओलांडून त्या बिचारीनें एका नातीच्या हातांतल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यास तो विचारला.

सकाळीं तिघेही भाऊ खालीं येऊन तिच्यापुढें बसलों, आणि थोरल्या दादानें विचारलें. आत्या म्हणाली, “वाडा देऊन टाका. दिवा लागला पाहिजे, असें तुम्हांला वाटे, म्हणून मी येथें राहिलें. मागची भिंत रात्रीं करकरते तेव्हां मला झोंप येत नाहीं. मला माणसांत न्या. रस्त्यावरची खिडकी असलेली खोली मात्र द्या.” इतकें बोलून ती दूध तापत ठेवलें होतें तें पाहावयास उठली.

तेव्हां पुतणीनें आमच्याकडे पाहिलें. नावेचें पान खरें ठरलें, असें ती म्हणूं शकली असती. पण ती प्रामाणिक मुलगी आहे. ती म्हणाली, “काका, तेंच पान मागच्या महिन्यांत माझ्या एका मैत्रिणीला निघालें होतें. तेव्हां मीं त्याचा अर्थ, परदेशची नोकरी, असा सांगितला होता.”

आत्या आतां पुण्यास आमच्या घरीं आहे. तिची खोली रस्त्यावरची आहे. शनिवारीं सायंकाळीं पुतणी येते, आणि तिघें मिळून गंजिफा मांडतों. उजेड असेपर्यंत राम उतरतो. दिवे लागले कीं कृष्ण. हरवलेलीं दोन पानें सावंतवाडीहून रंगवून आणावींत असें आमच्या मनांत होतें, परंतु आत्या नको म्हणते. पुठ्ठ्याचीं तीं दोन पानें कोणाच्या हातांत आहेत हें पाठीवरून सर्वांस दिसतें, आणि त्यामुळें तिला जिंकणें सोपें जातें.